एक्केचाळीस सोंड्यांचा दाखला

वस्तू ताब्यात घेताना तपासून घ्यायची, ही साहेबरावांची सवय नव्हती, धर्म होता. दुधाची पिशवी ते उजेडात धरून बघत. लग्नपत्रिका आली की आधी तारीख आणि वार जुळतात का ते कॅलेंडरवर पाहत आणि मगच आनंद व्यक्त करत. एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? त्या टेबलावरून त्यांनी किती जणांना या जगात घेतलं आणि किती जणांना रीतसर बाहेर काढलं, याचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. बाहेर काढलेल्यांपैकी एकही जण परत येऊन "माझी नोंद चुकली" असं म्हणालेला नाही, हे ते चहाच्या दुसऱ्या घोटाला हमखास सांगत. ऐकणारा पहिल्याच घोटाला उठलेला असे, ही गोष्ट वेगळी.

तर अशा माणसाच्या घरी, सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावर, जूनमध्ये एक सीलबंद डबा आला.

आणला तो सासूबाईंनी. सारजाबाई सोयगावकडच्या आपल्या खेड्यातून एसटीनं आल्या, तेलाचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन. डब्याचं तोंड शेणमातीनं लिंपलेलं होतं. गावाकडच्या घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायचं काम निघालं होतं आणि पाऊस तर दारात.

"जावईबापू," डबा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बारा किलो जवारी हाय. तीन एकराचं बी. माझ्या सासूनं मला दिलं, तिला तिच्या सासूनं. दुकानात मिळायचं नाय. ह्या जवारीची भाकर दुसऱ्या दिशी बी मऊ ऱ्हाती. पोळा झाला की यीन. तवर संबाळा."

"निर्धास्त राहा मामी."

"आन् उघडू नका."

"मामी, मी काय लहान आहे?"

सारजाबाईंनी लेकीकडं पाहिलं. सुरेखानं पंख्याकडं पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात काही प्रश्नांची उत्तरं पंख्याकडं बघूनच द्यायची असतात, हे तिला कळलेलं होतं.

सारजाबाईंची गाडी चारला सुटली. साहेबरावांनी डबा सव्वापाचला उघडला. मधला सव्वा तास त्यांनी संयम केला होता, असं ते अजूनही सांगतात.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. बारा किलो म्हणून ताब्यात घ्यायचं आणि उद्या अकरा निघालं तर जबाबदार कोण? त्यांनी वजनकाट्यावर आधी स्वतःचं वजन केलं, मग डब्यासकट केलं, मग रिकाम्या डब्याचं केलं, आणि वहीत नोंद केली : ज्वारी, अकरा किलो नऊशे. शंभर ग्रॅम कमी. मालाचा दर्जा बघायला एक दाणा दाढेखाली धरला. कट्‌ असा आवाज झाला. दाण्याचे दोन तुकडे झाले आणि दाढेत भरलेली चांदी निघून हातात आली. वाळवणं म्हणजे काय, हे सारजाबाईंकडून शिकावं. त्यांच्या हिशेबी बी उन्हात नुसतं तापवायचं नसतं, ते दगड होईपर्यंत तिथून उठवायचंच नसतं.

बंद करताना अडचण आली. तिसऱ्या मजल्यावर शेण नाही. मग त्यांनी कपाटातून लाख काढली, मेणबत्तीवर वितळवली आणि झाकणावर पाच ठिकाणी ठिपके दिले. वर कागदाची पट्टी चिकटवली : तपासले, बरोबर आढळले. खाली सही, लफ्फेदार. डबा टीपॉयखाली गेला आणि साहेबराव शांत झोपले.

ऑगस्टमध्ये एका दुपारी डबा बोलू लागला.

साहेबराव टीपॉयशेजारच्या दिवाणावर पडले होते. लाइट गेलेली, पंखा बंद, कॉलनी चिडीचूप. त्या शांततेत अगदी बारीक आवाज आला. कोणी लांबवर कागद कुरतडावा तसा. ते उठले, कान लावून आले थेट डब्यापाशी. लाखेचे पाचही ठिपके जागच्या जागी. सही शाबूत. आणि आत कुरकुर, कुरकुर.

झाकण काढलं तर ज्वारी हलत होती. सोंडे! तपकिरी, बारीक, पुढं सोंड काढलेले. साहेबरावांनी झाकण परत लावलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पोळ्याला सोळा दिवस होते.

खरं सांगायचं तर सोंड्यांची भीती त्यांना नव्हती. सारजाबाई येतील, लाख बघतील आणि एक शब्दही बोलणार नाहीत, याची होती. जावयाला बोलायचं नाही म्हणून गेली तीस वर्षं ती बाई काही बोललेली नव्हती, आणि ते सगळं न बोललेलं साहेबरावांना पाठ होतं. शिवाय बी गेलं तर गेलंच. ते बाजारातून आणून भरता येण्यासारखं नव्हतं.

गुपित ठेवायचं ठरलं. म्हणून त्यांनी ते फक्त खालच्या मजल्यावरच्या लीलाबाईंना सांगितलं. अर्ध्या तासात शेजारचे कडुबा आले. कडुबा एसटीतून निवृत्त झालेले वाहक. अजूनही कुठं गेले की आधी किती माणसं आहेत ते मोजतात.

"एरंडेल चोळा, भाऊ," लीलाबाई म्हणाल्या. "मी डाळीला चोळते."

"बियाण्याला एरंडेल? ते उगवणार की घसरणार?" कडुबा म्हणाले. "उन्हात टाका सरळ."

"ऊन कुठंय? आठ दिवस सूर्य बघितला का तुम्ही?"

"मग कढईत जरा परतून घ्या."

सुरेखा आतून म्हणाली, "वरून मीठ-लिंबू पण पिळू का?"

कोणी कडुनिंबाचा पाला सांगितला, कोणी लवंगा. किराणा दुकानदार कानाशी येऊन धान्यात ठेवायच्या विषारी गोळीबद्दल बोलला, पण ती उघड्या जागेतल्या गोदामात ठेवायची, माणसं झोपतात त्या घरात नाही, हेही तोच म्हणाला; तेवढा भला माणूस. सगळे सल्ले साहेबरावांनी वहीत लिहिले, पुढं सल्ला देणाऱ्याचं नाव. चौदा भरले. कोणी काय सांगितलं याची नोंद ठेवली की सांगणारा दुसऱ्या दिवशी जरा कमी सांगतो, हा त्यांचा कचेरीतला अनुभव.

पंधरावा सल्ला पुण्याहून आला. मुलगी सायली बिस्किटांच्या कारखान्यात मालाच्या तपासणीला आहे. तपासणी रक्तातच.

"बाबा, बियाणं आहे ना? मग भाजायचं नाही, तेल नाही, गोळी नाही. गारठवायचं."

"गारठवून किडे मरतात?"

"मरतात. किडे, आळ्या, अंडी, सगळं. पण उणे अठरा लागतं, आणि एकदम. आठ-दहा दिवस. एक सांगा, बी नीट वाळलेलं आहे ना? ओलं असेल तर आतलं पाणी गोठतं आणि कोंबच मरतो."

"दाढेतली चांदी निघाली. अजून किती वाळवायचं?"

"मग चालेल. प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, तोंड बांधून ठेवा. आणि बाहेर काढल्यावर एक अख्खा दिवस पिशवी उघडायची नाही. गार दाण्यावर हवेतलं पाणी बसतं, बुरशी येते. कळलं? उघडायची नाही."

साहेबरावांनी अटी लिहून घेतल्या. शेवटची जरा बारीक अक्षरात आली.

मग सहज त्यांनी विचारलं, "पण हे आत शिरले कुठून? मी तर लाख लावली होती."

"ते शेतातूनच येतात कधी कधी. मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं ठेवते आणि वरून भोक लिंपून टाकते. बाहेरून काही दिसत नाही. आळी आतच वाढते, आतच खाते, मोठी होऊन बाहेर पडते."

साहेबरावांनी फोन ठेवला. एका दाण्यात एक अंडं. वरून लिंपलेलं. म्हणजे हिनंही सील केलं होतं! आणि त्या सीलवर ना सही, ना लाख. तरी ते त्यांच्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटलं होतं. त्यांनी एक दाणा बोटावर घेतला आणि भिंग लावून किती तरी वेळ पाहत बसले.

घरचा फ्रिज एकोणीस वर्षांचा. त्याच्या वरच्या कप्प्यात सुरेखाचे मटार होते.

"माझे मटार बाहेर आणि तुमचे किडे आत?"

"तात्पुरतं आहे गं."

तीन दिवस घरात मटारची उसळ, मटारचे पराठे आणि मटार घातलेली खिचडी झाली. कप्प्यात दोन किलो ज्वारी मावली. साहेबरावांनी दर तासाला दार उघडून ती गार होतेय ना हे पाहिलं. लाइट रोज दोनदा जात होती, तेव्हाही उघडून पाहिलं. तापमान घ्यायला त्यांनी तापाचं थर्मामीटर आत ठेवलं. पारा जिथं होता तिथून हलला नाही, यावरून त्यांनी तापमान स्थिर असल्याची नोंद केली.

चौथ्या दिवशी त्यांनी चाळण मारून सोंडे वेगळे काढले आणि पांढऱ्या बशीत ठेवले. एक्केचाळीस. एकही हलत नव्हता. काडीनं ढकलले, उताणे केले, फुंकर मारली. निश्चल. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण साहेबरावांच्या हातात कित्येक दिवसांनी एक पूर्ण झालेलं प्रकरण आलं होतं. त्यांनी लीलाबाईंना आणि कडुबांना गच्चीवर बोलावलं.

बशी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवली. वही उघडली. "एक्केचाळीस," ते म्हणाले, "सर्व मृत. कारण, थंडी." सही केली आणि तारीख घातली.

त्याच वेळी, इतके दिवस न दिसलेला सूर्य ढगातून बाहेर आला. गच्ची उजळली. बशी तापली.

"भाऊ," लीलाबाई म्हणाल्या, "हा पाय हलवतोय."

"वाऱ्यानं."

"वारा नाही."

एक पाय हलला. मग दुसरा. मग एक सोंडा कूस बदलावी तसा वळला, उभा राहिला आणि सोंड वर करून जणू चौकशी करू लागला, की साहेब कुठं बसतात. त्याच्यामागून दुसरा. पाच मिनिटांत सगळी बशी चालायला लागली. काठावर चढून खाली उतरायला लागली. लीलाबाईंनी पदर सावरून हात जोडले. कडुबा सवयीनं मोजत होते, "अडतीस, एकोणचाळीस..." एक्केचाळिसावाही उठला. साहेबरावांच्या अंगावर खरोखर काटा आला होता. एकतीस वर्षांत त्यांनी खूप नोंदी केल्या, पण नोंद झाल्यावर उठून चालू लागणारा मुडदा पहिल्यांदाच बघितला. आणि तेही एक्केचाळीस!

मोजणी संपवून कडुबा वळले. "साहेबराव, एक विचारू? तुम्ही एकतीस वर्षं असेच दाखले दिले काय हो?"

हे वाक्य संध्याकाळपर्यंत चारही इमारतींत पोचलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी एका गृहस्थानं त्यांना हसतहसत विचारलं, "आमच्या आजोबांचा दाखला तुमच्याच सहीचा आहे. त्यांची वाट बघू का?" साहेबराव भेंडी न घेता परत आले.

"गार होतं म्हणजे किती होतं?" सायलीनं फोनवर विचारलं.

"थर्मामीटरचा पारा हलतच नव्हता."

"बाबा! ते बेशुद्ध पडले होते, मेले नव्हते. आणि असं थोडंथोडं गार केलं की ते थंडीला सरावतात. तुम्ही त्यांना मारत नव्हता, तयार करत होता."

पोळ्याला अकरा दिवस उरले होते. दहा दिवस उणे अठरा हवं होतं. गच्चीवरच्या विनोदाचं प्रायश्चित्त म्हणून असेल, पण कडुबांनीच वाट काढली. त्यांच्या मेहुण्याचा मुलगा राजकुमार चिकलठाण्याला एका आइस्क्रीमच्या गोदामाचा व्यवस्थापक होता. "उणे वीस आहे तिथं," कडुबा म्हणाले. "मी एकदा आत गेलो होतो. मिशी मोडायची राहिली."

सगळी ज्वारी दोन पिशव्यांत, पिशव्या प्लास्टिकच्या पिंपात, पिंपाचं झाकण चिकटपट्टीनं बंद, आणि पिंप रिक्षात. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "क्या है चचा इसमें?"

"ज्वारी."

"और जाना आइस्क्रीम के गोदाम कू?"

"हो."

"हौ," तो म्हणाला, आणि उरलेला रस्ता काही बोलला नाही. चिकलठाण्याला उतरताना मात्र त्याच्यानं राहवलं नाही. "चचा, कुल्फी बनी तो बताना."

राजकुमार नम्र होता, पण नियम त्याच्या मागच्या भिंतीवर चौकटीत लावलेले होते.

"काका, मालाचा प्रकार काय लिहू? यादीत ज्वारी नाही."

"इतर लिहा."

"इतर पण नाही. आणि आत काय, किडे आहेत ना? जिवंत किडे आत घेता येत नाहीत. खाण्याचा माल आहे."

"ते मारायलाच आणलेत."

"मेलेले असते तर घेतलं असतं."

"मेलेले असते तर आणले कशाला असते?"

राजकुमारनं यावर मान डोलावली. मुद्दा त्याला पटला होता, पण नियमात पटण्याची सोय नव्हती. साहेबरावांना याचा राग येईना. उलट मन भरून आलं. किती दिवसांनी कोणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होतं! त्यांनी खुर्ची पुढं ओढली, कोरा कागद मागितला आणि लिहायला घेतलं :

*मी, खाली सही करणार, लिहून देतो की, सोबतच्या पिंपातील कीटक प्रवेशाच्या वेळी जिवंत असले तरी त्यांचा तसे राहण्याचा कोणताही अधिकार या गोदामावर राहणार नाही. पिंप उघडले जाणार नाही. कीटकांच्या वतीनेही ही हमी मी देत आहे.*

मालाच्या स्थितीपुढं फक्त 'गोठलेला' आणि 'वितळलेला' असे दोन चौकोन होते. त्यांनी तिसरा चौकोन काढला, 'गोठण्याच्या मार्गावर' असं लिहिलं आणि त्यात खूण केली. मग सही.

राजकुमार ती सही बघत राहिला. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि सहीशेजारी धरलं. त्याचा जन्मदाखला होता.

"ही तुमची सही? पहिलीपासून बघतोय मी ही. शाळा, कॉलेज, बँक, पासपोर्ट. खालचा हा लफ्फा आम्ही मित्र काढून बघायचो. कोणालाच जमला नाही."

साहेबरावांनी चष्मा काढून पुसला. दाखल्यावरची तारीख, नाव, शिक्का सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी तपासून घेतलं.

पिंप मुख्य गोदामात नाही, पण फुटक्या मालाच्या वेगळ्या खोलीत ठेवायचं ठरलं. तिथंही उणे वीसच. राजकुमारनं त्यांना जाड कोट दिला, कानटोपी दिली आणि भलंमोठं दार ओढलं. आतून पांढरा धूर जमिनीवरून सरपटत बाहेर आला. साहेबरावांनी समोर पाहिलं. पांढऱ्या भिंती, पांढरं छत, आत कुठंच काही हलत नव्हतं. आणि त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

"काका, चपला!" राजकुमार ओरडला.

तोवर ते दोन पावलं आत गेले होते. पुढची दोन पावलं त्यांनी टाकली नाहीत, ती आपोआप पडली, हवेत. पण बाहेर पळून चपला घालून ते परत आले आणि पिंप ठेवल्यावरही थोडा वेळ थांबले. नाकातला केस अन् केस वेगळा जाणवत होता. ओठांतून निघालेली वाफ समोर थबकून राहत होती. फुटलेल्या खोक्यांतलं आंब्याचं आइस्क्रीम विटेसारखं कडक झालेलं. बाहेर रस्त्यावर ट्रक चालले होते, आणि इथं जणू कोणी जगाचा कागद टाइपरायटरमध्ये अर्धवट सोडून उठून गेलं होतं. सोंड्यांनी मरावं ते इथं, असं त्यांना वाटलं. यापेक्षा मोठं कार्यालय त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

दहा दिवस त्यांनी रोज सकाळी फोन केला. "उणे किती?" "वीस, काका." "कालही वीसच होतं?" "हो काका." वहीत दहा ओळी झाल्या. एकदाही पिंप उघडलं नाही, कारण ते पाच मैल लांब होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप घरी आलं. त्याच्यावर दव धरलं होतं, खाली थारोळं झालं. साहेबराव समोर खुर्ची टाकून बसले. उद्या सकाळी अकरापर्यंत उघडायचं नव्हतं. आयुष्यात त्यांनी परीक्षा दिल्या होत्या, पण एवढी अवघड नाही. साडेअकराला त्यांचा हात पहिल्यांदा झाकणाकडं गेला. सुरेखानं लाटणं आपटलं. हात मागं आला.

बाराला दार वाजलं आणि सारजाबाई आत आल्या.

त्यांनी पाणी घेतलं. खोलीभर नजर फिरवली. टीपॉयखाली रिकामा डबा होता, झाकणावर लाखेचे पाच ठिपके.

"माती कुठं गेली?"

साहेबराव उभे राहिले. साहेबासमोर उभं राहायची सवय कामी आली. "मामी, मी डबा उघडला."

"कवा?"

"तुमची गाडी सुटल्यावर."

"सुटल्यावर, का सुटायच्या आधी?"

"सुटल्यावर. सव्वा तासानं." मग त्यांनी सगळं सांगितलं. लाख, सोंडे, फ्रिज, बशी, गोदाम. काही लपवलं नाही, फक्त चपलांचं वगळलं.

सारजाबाई जमिनीवर बसल्या. "बर्फात ठिवलं? माझं बी?"

"उणे वीस अंशांत, मामी. दहा दिवस."

त्यांनी पिंपाला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "वैजापूरचा डबा काल उघडला. नुस्तं पीठ."

"वैजापूरचा?"

"धाकट्या जावयाकडं निम्मं ठिवलं व्हतं. मी काय येडी हाय का, समदं बी एका जावयाच्या घरात ठिवायला?"

एरवी हे ऐकून साहेबरावांनी आठ दिवस अबोला धरला असता. आता मनात एवढंच आलं की वैजापूरचं गेलं, म्हणजे या पिंपात आहे तेवढंच उरलं. पाठीच्या कण्यातून उणे वीस गेलं.

"त्यांनी उघडला होता का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाय. त्यो लई शाना. हात बी लावला नाय." सारजाबाई थांबल्या. "मंग त्यात किडा आला कुठून?"

सुरेखानं आईला सायलीनं सांगितलेलं समजावलं. दाण्यातलं अंडं, वरून लिंपलेलं भोक. सारजाबाईंनी ते नीट ऐकून घेतलं. "म्हंजी माझ्याच शिवारातून आलता. मीच डब्यात कोंडला." मग जावयाकडं पाहून म्हणाल्या, "वैजापूरवाल्यानं उघडला असता तर त्याला बी दिसलं असतं."

हे तीस वर्षांतलं पहिलं कौतुक होतं की नाही, याची खात्री साहेबरावांना करून घेता आली नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

उरलेला दिवस सासू आणि जावई पिंपासमोर बसून होते. एकानं हात पुढं केला की दुसरं खाकरे. दोघांचाही हात पुढं आला होता; कोणाचा किती वेळा, हे सुरेखा सांगत नाही.

सकाळी अकराला पिंप उघडलं. ज्वारी कोरडी, सुटसुटीत. कुठं ओल नाही, बुरशीचा वास नाही. सारजाबाईंनी एक दाणा दातांखाली धरला. कट्‌. त्यांनी मान हलवली. ओलं फडकं मागवलं, शंभर दाणे मोजून ओळीत मांडले, फडक्याची गुंडाळी केली आणि ओट्याखाली ठेवली. शेजारी साहेबरावांनी बशीत सोंडे ठेवले. या वेळी मोजले, पण बोलले नाहीत.

तीन दिवस कॉलनीतली माणसं येत राहिली. बशी रोज उन्हात ठेवली जाई. कडुबा दिवसातून चारदा येऊन बशीत काडी फिरवत. "साहेबराव, सही करा की आता."

"थांबा."

"अहो, तीन दिवस झाले."

"त्यांना अजून एक ऊन देऊ या," साहेबराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता. एकदा उठलेल्याला माणूस कायम जपून बघतो.

चौथ्या दिवशी सकाळी सारजाबाईंनी गुंडाळी सोडली. सुरेखा, लीलाबाई, कडुबा, सगळे वाकून उभे. फडक्याची घडी उलगडली आणि दाण्यादाण्यातून पांढरी मुळं निघालेली दिसली. नखाएवढी, काही बोटाच्या पेराएवढी, फडक्याच्या धाग्यांत शिरून त्यांनी कापडच धरून ठेवलं होतं. आंब्याचं आइस्क्रीम जिथं वीट झालं होतं, त्या अंधारातून दहा दिवस काढून हे आले होते, आणि चमचाभर पाणी मिळताच जणू काही झालंच नाही असे कामाला लागले होते. दगडासारखे वाळलेले, म्हणून वाचलेले.

सारजाबाईंनी मोजले. "त्र्याण्णव." मग परत मोजले. "त्र्याण्णव," असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. "लई झालं. दुकानातलं बी एवढं उगवत नाय."

बशीतले सोंडे तसेच पडून होते.

साहेबरावांनी वही आणली. कचेरीत जन्माची वही एका कपाटात असे आणि मृत्यूची दुसऱ्या, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. आज त्यांनी एकच पान उघडलं, मधोमध रेघ मारली. डावीकडं लिहिलं : जन्म, त्र्याण्णव. उजवीकडं : मृत्यू, एकशे अठ्ठावीस. दोन्हीकडं कारणाच्या रकान्यात लिहिताना पेन थांबलं. मग दोन्हीकडं एकच शब्द लिहिला, थंडी. खबर देणाऱ्याची सही म्हणून सारजाबाईंचा अंगठा घेतला. त्यांना सही येते, पण अंगठा जास्त पक्का, असं त्या म्हणाल्या.

गावी निघताना त्यांनी डबा भरून घेतला आणि दोन किलो बी मागं ठेवलं, काचेच्या बरणीत. खालच्या गल्लीतल्या गोठ्यातून तांब्याभर शेण मागवून बरणीचं तोंड स्वतःच्या हातानं लिंपलं. "एवढं आता तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पोरीला इचारून पुन्ना गारात ठिवा. आन् जावईबापू..."

"उघडत नाही, मामी."

"माती वाळली की उघडा म्हणत व्हते. आतलं बघा, आन् परत लिंपा. शेण कुठं मिळतं ते दावलंय तुमाला."

चार दिवस झाले, बरणी टीपॉयखाली आहे. माती वाळून तिला भेगा पडल्यात. साहेबरावांनी ती अजून उघडलेली नाही. काल दुपारी लाइट गेली, पंखा थांबला आणि सुरेखा बाहेर आली, तर साहेबराव जमिनीवर आडवे झाले होते, कान बरणीला लावून, डोळे मिटून.

"अहो, काय ऐकताय?"

त्यांनी बोटानं तिला गप्प राहायची खूण केली.

"काहीच नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तू पण ऐक."

आणि सुरेखाही शेजारी पालथी पडली.